दोर कोण धरणार?

"आन् दोर कोन धरनार?"

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न विचारला तो एका सासूबाईंनी. वय सत्तरीच्या पुढे. त्यांची सून आमच्या गटाची खजिनदार. घरी एकट्या कंटाळतात म्हणून त्या दर महिन्याला सुनेसोबत येतात आणि कोपऱ्यात बसून वाती वळतात. कधी कशात बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र बोलल्या.

झालं होतं असं, की यंदाची आपली सहल देवदर्शनाची नाही, हे मी मोठ्या उत्साहानं जाहीर केलं होतं. यंदा आपण कोकणात जायचं, समुद्राकाठचा कडा बघायचा आणि त्यावर दोर लावून चढायचं! चक्क प्रस्तरारोहण! क्षणभर शांतता पसरली, मग एकच हशा झाला. "ताई, आमच्यानं माळ्यावरचा डबा काढवत नाही आणि तुम्ही कडा कुठला काढता?" असं एक जण म्हणाली. सगळ्या हसत असताना आजी तेवढ्या हसल्या नाहीत. हातातली वात बाजूला ठेवून त्यांनी सरळ विचारलं, "आन् दोर कोन धरनार?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुळात हे खूळ माझ्या डोक्यात आलं कसं, ते आधी सांगायला हवं. माझी मुलगी पुण्यात शिकते. तिथं ती कृत्रिम भिंतीवर चढायला जाते. एकदा तिला भेटायला गेले, तर तिनं मलाच हार्नेस बांधला. वय शेहेचाळीस, गुडघ्यांची कुरकुर, अंगात पंजाबी ड्रेस. जेमतेम दहा-बारा फूट चढले असेन. खाली आले तेव्हा हात थरथरत होते आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी होतं. संसारात कितीतरी गोष्टी आपण केल्या, पण "आता हा पाय उचलायचा की नाही" हे माझं मी एकटीनं ठरवायचं, असं फार दिवसांत झालं नव्हतं. परत येताना एस.टी.त बसल्या बसल्या वाटलं, गटातल्या बायकांनाही हे मिळायला हवं.

मग समुद्रच का? आमच्याभोवती सह्याद्रीत कडे काय कमी आहेत? त्याचं कारण वेगळं आहे. आमचं गाव कराड, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचं. सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूणमार्गे साधारण दीडशे किलोमीटरवर समुद्र. पण आमची नदीसुद्धा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते! गटात हात वर करायला सांगितले, तेव्हा कळलं की चौदा जणींपैकी आठ जणींनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, पण समुद्र राहिला. एकीचं माहेर पाटणचं, म्हणजे घाट उतरला की कोकण. तरी नाही.

तर ठरलं. आषाढापासून दर महिन्याला प्रत्येकीनं चारशे रुपये बाजूला काढायचे. सात महिन्यांत अठ्ठावीसशे होतात. जानेवारीत निघायचं.

दोन प्रकारचे 'नाही'

नंतरचे काही दिवस घरोघरी जाऊन परवानग्या गोळा करण्यात गेले. माझ्या लक्षात आलं, की 'नाही' दोन प्रकारचं असतं. एक 'नाही' असतं, "बायकांना कशाला हवंय हे?" या जातीचं. त्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण लेकरांना झोपताना सांगतो. दरवाजे बंद झाल्यावर ती तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली म्हणतात. तेव्हा कोणी विचारलं नाही, "बाईमाणसाला कशाला हवाय कडा?" जपानच्या जुन्को ताबेई १९७५ साली एव्हरेस्टवर पोहोचल्या, त्या जगातल्या पहिल्या स्त्री. आपल्या बचेंद्री पाल १९८४ साली. पुण्याची कृष्णा पाटील २००९ साली एव्हरेस्टवर गेली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आणि आम्हाला कुठं एव्हरेस्टवर जायचं होतं? चाळीस फुटांचा कडा!

पण दुसरं 'नाही' वेगळं होतं. एका मैत्रिणीचे मिस्टर म्हणाले, "वहिनी, २०१६ साली मुरुडला काय झालं ते आठवतं ना?" आठवत होतं. पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची डझनाहून जास्त मुलं-मुली त्या समुद्रात बुडाली होती. हे 'नाही' मागासलेपणाचं नव्हतं, काळजीचं होतं. आजींचा प्रश्नही त्याच जातीचा. आपण समाजकार्य करणाऱ्या बायका कधी कधी घाई करतो. कुणी शंका काढली की तिला विरोध समजून भाषण ठोकतो. मीही तेच करत होते. आजींच्या एका वाक्यानं मी भानावर आले.

कारण तोवर मी सहल जवळजवळ पक्कीही केली होती! एका माणसाचा फोन नंबर मिळाला होता. दोन दिवसांची राफेक राफेक सहल, जेवणाखाण्यासकट, माणशी अगदी स्वस्तात. मी त्याला फोन लावला आणि आजींचाच प्रश्न विचारला, "दोर कोण धरणार?" तो म्हणाला, "मॅडम, आमची मुलं असतात ना." ती मुलं कुठं शिकली? "अनुभवी आहेत." दोर किती वर्षांचा आहे? "मजबूत आहे, काळजी नको." दोर कशाला बांधता? "झाड असतं, नाहीतर दगड बघायचा." मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. गटात थोडी नाराजी झाली. माणशी सात-आठशे रुपये वाचत होते, ते गेले. पण ज्या माणसाला दोराचं वय सांगता येत नाही, त्याच्या दोरावर मी शेजारणीची सून कशी लटकवू?

दोर धरणं म्हणजे काय?

शेवटी मुलीच्या ओळखीतून एक प्रशिक्षक भेटले. त्यांच्यासोबत आणखी दोघं, त्यातली एक बाई. तिला बघून आमच्या बायकांचा निम्मा जीव भांड्यात पडला. या लोकांचे कोर्स उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत झालेले. अशा कोर्सचं सर्टिफिकेट असतं आणि ते मागितलं तर चांगला प्रशिक्षक रागावत नाही, उलट खूश होतो, हे मला तेव्हा कळलं. २०२१ साली राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे कार्यक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तेव्हा तोही कागद मागायचा.

आजींना मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसवलं. सरांनी दोर उलगडला आणि समजावून सांगितलं. चढणारीच्या कमरेला हार्नेस असतो, त्याला दोर बांधलेला. तो दोर वर जातो, कड्याच्या माथ्यावर पक्क्या बांधलेल्या कडीतून फिरतो आणि परत खाली येतो. विहिरीच्या रहाटासारखाच! खालचं टोक जिच्या हाती, तिच्या हार्नेसला एक छोटं यंत्र अडकवलेलं असतं. दोर त्यातून जातो. वरची जसजशी चढते, तसतशी खालची दोर ओढून घेते. वरचीचा पाय सुटला, की खालचीनं दोर खाली दाबायचा. यंत्रात घर्षण होतं आणि दोर अडकतो. वरची हातभर खाली येते आणि तिथंच लोंबकळते. या दोर धरण्याला 'बिले' म्हणतात. घर्षणामुळे पंचेचाळीस किलोची बाईसुद्धा पासष्ट किलोच्या बाईला धरू शकते. फरक जास्त असेल तर धरणारीलाही मागं खडकाला बांधतात. नवशिक्यांच्या वेळी मागं आणखी एक जण दोराचं शेपूट हातात धरून बसते.

"म्हंजे आमच्याच बायका धरनार?" आजींनी विचारलं.

"हो. शिकवून, परीक्षा घेऊन. आणि प्रत्येकीशेजारी आमच्यापैकी एक जण उभा असेल."

आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग मी बी येनार. बगते कोन कसं धरतंय. मला चडायचं न्हाई, तवा माजं पैसं कमी घ्या."

तयारी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा पहाटे आगाशिवच्या डोंगरावर जायचं. सुरुवातीला पायथ्यालाच धापा लागायच्या. दिवाळीपर्यंत न थांबता लेण्यांपर्यंत जायला लागलो. रविवारी शाळेच्या मैदानात गाठी मारायचा सराव. आठाच्या आकड्याची गाठ असते, ती प्रत्येकीनं डोळे मिटून मारून दाखवायची. ज्या बायकांनी जन्मभर वेण्या घातल्या आणि गोधड्या शिवल्या, त्यांना ती गाठ यायला कितीसा वेळ लागणार? सर म्हणाले, "कॉलेजच्या मुलांपेक्षा लवकर शिकलात." आमच्या खजिनदारबाई तर दोर अशा तपासायच्या, जशा तांदूळ निवडतात. इंच न् इंच बोटांतून सोडायचा, कुठं मऊ लागतोय, कुठं फुगलाय, कुठं वरची वीण उसवलीय ते पाहायचं. दोर तपासायची खरी पद्धत हीच आहे!

कड्याखालचं अंगण

तारीख मी निवडली होती. भोगीच्या आधीचा शनिवार-रविवार, पौर्णिमेला लागून. चांदण्यात समुद्र दिसेल, बायकांना किती आवडेल! सर म्हणाले, "आधी जागा बघून येऊ. बरोबर महिनाभर आधी, त्याच तिथीच्या आसपास." म्हणून दत्तजयंतीच्या दिवशी आम्ही चौघं गुहागर तालुक्यात पोहोचलो. हेदवी-वेळणेश्वर हा भाग. तिथल्या नेमक्या कड्याचं ठिकाण मी मुद्दाम लिहीत नाही. वाचून कुणी दोराशिवाय जाऊ नये म्हणून.

सकाळी सातला गेलो तेव्हा काय सांगू! काळ्याभोर कड्याच्या पायथ्याशी प्रशस्त सपाट कातळ. अगदी सारवलेल्या अंगणासारखा. मी मनातल्या मनात सतरंज्यासुद्धा अंथरल्या. इथं बायका बसतील, इथं दोर धरणाऱ्या, इथं पोह्याचं पातेलं. जरा खाली एक काकी कालवं फोडत होत्या. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, ओहोटीला ते उघडे पडतात. त्यांची धार ब्लेडसारखी असते. काकींनी आमची सगळी बडबड ऐकली आणि विचारलं, "कधी येनार तुमी?"

मी तारीख सांगितली. त्या हसल्या. "बाय माझे, चांदना बगायचा हाय की पानी? अकरा वाजेस्तो हितंच बसा, मंग सांगा."

आम्ही बसलो. नऊ वाजता कालवांचा खडक बुडाला. दहानंतर अंगणाच्या कडेला फेस आला. अकराला तिथं अंगणच नव्हतं. ज्या जागी मी सतरंज्या अंथरल्या होत्या, तिथं लाटा कड्यावर आपटत होत्या. जवळच हेदवीची बामणघळ आहे. खडकातली ती अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी पाणी आत घुसलं की कोंडून तोफेसारखा आवाज करत वर उसळतं. तो आवाज ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. चौदा बायका. माझ्या शब्दावर आलेल्या. आणि वेळ मी ठरवली होती सकाळी नऊ ते एक!

मग काकींनीच शिकवलं. कोकणातल्या कुणालाही हे गणित तोंडपाठ असतं, आपल्याला घाटावर कुणी सांगत नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ, दुपारची आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून उधाण येतं, हे आपण भूगोलात शिकलो होतो. पण पेपर लिहिला आणि विसरलो! हे गणित अंदाजाचं आहे बरं का. किनारा बदलला की वेळ पुढंमागं होते. म्हणून त्या त्या बंदराचा भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहायचाच.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली. भरतीचं पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सुरुवातीचा तास हळू, मग वेग वाढतो आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून जातं. माणसं फसतात ती इथंच. "अजून किती लांब आहे!" म्हणतात आणि वळून बघतात तो परतीची वाट पाण्यात!

घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. पुढच्या आठवड्यात, संक्रांत उलटल्यावर, पौष वद्य पंचमी, रविवार. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे भरती पावणेचारला, ओहोटी साडेनऊच्या सुमाराला. तक्त्यात ती थोडी आधीच होती. कडा पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे सकाळभर सावली. साडेसात ते अकरा काम करायचं. चांदण्यांवर पाणी सोडावं लागलं. हळदीकुंकवाची निमंत्रणं मागंपुढं करावी लागली. पण तारीख जमली.

जांभा, पाषाण आणि गंज

कडाही एका झटक्यात मिळाला नाही. पहिला कडा मला फार आवडला होता, सरांनी तो नापास केला. कोकणात खाली काळा पाषाण आणि वर जांभा असतो. पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा खडक, आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. जांभा मात्र मऊ असतो. म्हणून तर त्याचे चिरे कापून घरं बांधतात. त्या कड्याच्या माथ्यावर जांभ्याचे सुटे दगड होते. दोर हलला की तेच खाली येणार. दुसऱ्या कड्यावर माथ्यापर्यंत घट्ट पाषाण होता. तिथं दोर बांधायला एक नाही, तीन वेगवेगळ्या जागा निवडल्या. एक सुटली तरी दोन राहाव्यात म्हणून.

त्या कड्यात कुणीतरी पूर्वी ठोकलेली एक लोखंडी मेख होती. मी म्हटलं, बरं झालं, आयतीच मिळाली. सरांनी तिला हातोडीनं हलकेच ठोकलं तर गंजाचे पापुद्रे पडले. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड आतून कुजतं. साधं लोखंड सोडा, उष्ण प्रदेशातल्या समुद्रकड्यांवर स्टेनलेस स्टीलसुद्धा दगा देतं. बाहेरून चकचकीत आणि आत बारीक चिरा! थायलंडच्या समुद्रकड्यांवर यामुळेच टायटॅनियमचे बोल्ट बसवायला लागले. म्हणून दुसऱ्यानं ठोकलेल्या मेखेवर कधीही भरवसा ठेवायचा नाही.

बांगड्या, पाळी आणि इतर अडचणी

आता आपल्या खास प्रश्नांबद्दल बोलू, कारण ते पुरुषांच्या पुस्तकात नसतात. अंगठी, बांगड्या, लोंबते कानातले, ओढणी, मोकळे केस यांतलं काहीही दोर धरायच्या यंत्रात अडकू शकतं. काचेची बांगडी खडकावर फुटली तर मनगटात घुसते. सांगायला सोपं आहे, पण आमच्यातल्या एकीचं लग्न मार्गशीर्षात झालं होतं, हातात हिरवा चुडा. तिच्याकडे बघून बाकीच्याही कुजबुजायला लागल्या. निर्णय आजींनी दिला. पदर पसरून म्हणाल्या, "घाला समद्या ह्यात. मी सांबाळते. खाली आल्यावर घाला परत." मंगळसूत्रं ड्रेसच्या आत घालून वर चिकटपट्टी लावली.

पाळीचं प्रशिक्षक बाईंनी मोकळेपणानं सांगितलं. त्यात अडचण काही नाही, ज्या त्या बाईनं आपलं ठरवावं, पण पोटात दुखत असेल तर हार्नेसचा पट्टा त्रास देतो. आणि संडास-बाथरूम? कड्यापाशी काही नसतं. म्हणून उतरायचं घर पंधरा मिनिटांच्या अंतरावरचं घेतलं आणि निघायच्या आधी अर्धा तास त्यासाठी राखला. हसू नका, या एका गोष्टीपायी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन पडतात.

सरपंचांना आणि पोलीस ठाण्याला पत्र दिलं, प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर आहे ते मोजलं. कालवंवाल्या काकींना खडक राखायला बोलावलं आणि त्यांचा दिवसाचा रोज दिला. त्यांनी नियम घालून दिला, "त्या कालवांच्या खडकाला पानी लागला, का निगायचा. मंग कुनाचा काय ऱ्हायला, कुनाचा काय नाय, बगायचा नाय."

हा नियम मी वहीत पहिल्या पानावर लिहिला आणि प्रत्येकीची त्याखाली सही घेतली. माझीही.

पाणी लागलं

शनिवारी संध्याकाळी पहिल्यांदा समुद्र दिसला, तेव्हा आमची गाडी गप्प झाली. दीडशे किलोमीटर गाणी म्हणत आलेल्या बायका, पण एक शब्द नाही. पाटणच्या मैत्रिणीनं फक्त हात जोडले.

रविवारी थोडा उशीर झाला. वर दोर बांधायची एक जागा सरांना पसंत पडेना, ती बदलण्यात तास गेला. साडेआठला पहिली चढली. दोन दोर, दोन जोड्या. मला वाटलं होतं प्रत्येकीला पंधरा मिनिटं पुरतील. लागली पंचवीस. कुणी मध्येच अडकायची, कुणाचा पाय थरथरायचा. खालून सगळ्या ओरडायच्या, "डावीकडं खाच हाय बघ! पाय वर घे!" खजिनदारबाई दोर धरायला उभ्या राहिल्या, तेव्हा वर बसलेल्या आजी डोळ्याला पदर न लावता टक लावून सुनेच्या हाताकडे बघत होत्या. एकदा वरचीचा पाय खरंच सुटला. खजिनदारबाईंनी हात खाली दाबला, दोर ताणला आणि वरची हातभर घसरून थांबली. सर शेजारी उभे होते, त्यांना हात लावावा लागला नाही.

नव्या नवरीनं माथा गाठला. पाटणवालीनं निम्म्यातून उतरायचं ठरवलं, आणि तेही आम्ही टाळ्या वाजवून साजरं केलं. बारा जणी झाल्या. राहिलो आम्ही दोघी, एक शाळेतल्या बाई आणि मी. मी स्वतःला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हार्नेस घातला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि कड्याला हात टेकवला. थंडगार खडक. सात महिने या एका स्पर्शासाठी घालवले होते.

आणि काकींनी हाक मारली. "लागला गो, पानी लागला!"

कालवांच्या खडकाभोवती पांढरी रेघ उमटली होती. अंगण अजून कोरडं होतं, पाणी लांब वाटत होतं. सगळ्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही चढा हो! तुमच्यामुळं तर आम्ही आलो. पंधरा मिनिटांत होईल." सर काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, नियम मीच लिहिलाय, मीच वाकवला तर काय बिघडलं?

मग वहीतली माझी सही आठवली. मी हेल्मेट काढलं.

सामान आवरून आम्ही वर चढलो, तेव्हा साडेअकरा झाले असतील. ज्या कातळावर दोर धरणाऱ्या उभ्या होत्या, त्यावरून पहिली लाट पसरत गेली. कुणी काही बोललं नाही. आजींनी पदरातल्या बांगड्या एकेकीला मोजून परत दिल्या.

घरी आल्यावर दोर गोड्या पाण्यात धुतले, गोधड्या धुतो तसे, आणि सावलीत वाळवले. खारं पाणी आणि ऊन दोन्ही नायलॉनचे वैरी. कड्याही धुऊन, पुसून, तेल लावून ठेवल्या.

आता नवीन कॅलेंडर हातात आलं की मी आधी एकादश्या आणि चतुर्थ्या बघत नाही, पंचम्या बघते. माझा कडा अजून बाकी आहे. परवाच आजी भेटल्या, म्हणाल्या, "औंदा तुमचा दोर माजी सून धरंल."

तुम्हीही जाणार असाल तर:

• प्रशिक्षकाला कोर्सचं सर्टिफिकेट, संस्थेची नोंदणी आणि दोराचं वय विचारा. उत्तर टाळलं तर सहल टाळा. न वापरलेला नायलॉनचा दोरसुद्धा दहा वर्षांनंतर वापरू नये. वापरातला त्याच्या कितीतरी आधी बाद होतो.

• जागा आधी बघून या आणि भरती-ओहोटी दोन्ही पाहा. तिथीला पाऊणनं गुणा, पण छापील तक्त्याशी ताडून घ्या.

• पावसाळ्यात समुद्रकड्याच्या वाटेला जाऊ नका. हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

• हेल्मेट चढणारीला आणि खाली उभ्या असलेल्यांनाही हवं.

• हिरवं शेवाळ आणि कालवं यांवर पाय देऊ नका. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका.

• परत फिरायची खूण आधी ठरवा आणि ती खूण ओळखणारा स्थानिक माणूस सोबत ठेवा.

• आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बेत आधी सांगा. ते जो प्रश्न विचारतील, तो वहीत लिहून घ्या.